परत येणारे वॉकर

"विकत कशाला घेता ताई, भाड्यानं न्या. परत येतातच की ते."

सर्जिकलच्या दुकानातला माणूस सहज बोलून गेला. हेतू चांगलाच होता, माझे पैसे वाचावेत म्हणून तो म्हणाला. दुकान लहान, पण एका भिंतीला टेकून वॉकरच वॉकर, एकात एक घालून ठेवलेले. वर टांगलेल्या कमोडच्या खुर्च्या, प्लास्टिकात गुंडाळलेल्या एअर गाद्या, कोपऱ्यात घडी घातलेल्या व्हीलचेअर. उदबत्तीचा आणि नव्या रबराचा वास एकत्र येत होता. त्यानं एक वॉकर ओढून काढला, उलटा केला आणि पायांची रबरी टोपणं बघायला लागला. चारातलं एकच झिजलेलं होतं, तेही एका बाजूनं, इतकं की आतली लोखंडी चकती दिसत होती. आधी ज्यानं कुणी तो वापरला, त्यानं सगळा भार त्या एका कोपऱ्यावर टाकला असणार. डाव्या मुठीचा काळा स्पंज दाबून दाबून चपटा झालेला. दांडीला लाल दोरा बांधला होता, देवाचा असावा. दुकानदारानं कात्रीनं दोरा कापला, टोपण बदललं, ओल्या फडक्यानं दांड्या पुसल्या आणि वहीत आत्याचं नाव लिहून घेतलं. वरच्या ओळीत दुसरं कुणाचं तरी नाव होतं आणि त्याच्यापुढं 'जमा' असं लिहिलेलं होतं.

रिक्षात वॉकर मांडीवर आडवा धरून बसले, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. परत येतात, म्हणजे कसे परत येतात?

माणूस बरा होतो, काठीवर येतो, मग काठीही सुटते. असा एक वॉकर परत जातो. दुसऱ्या घरात पेशंट उठतच नाही, पलंगावरच राहतो आणि कोपऱ्यातला वॉकर नुसता धूळ खातो, म्हणून घरचे तो देऊन टाकतात. तिसऱ्या घरातून तेराव्यानंतर जातो. दुकानातल्या वहीत तिघांपुढं नोंद सारखीच. आत्याच्या ऑपरेशनच्या निमित्तानं डॉक्टरांशी बोलून आणि वाचून जे कळलं, ते तेव्हापासून मी कितीजणांना सांगितलं असेल. म्हातारपणी खुबा मोडला, तर पाचांतला साधारण एक माणूस वर्षाच्या आत जातो. काही पाहण्यांत हे प्रमाण तिघांत एकाच्या जवळ गेलंय. जे राहतात, त्यांच्यातले पूर्वीसारखे चालणारे निम्म्याच्या आसपास. बायकांचे खुबे जास्त मोडतात, पण मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये जास्त. एवढी मोठी गोष्ट, आणि आपण तिच्याबद्दल बोलतो कसं? "काही नाही हो, पाय घसरला."

आत्या पडली ती पाण्याच्या रात्री. सोलापूरकरांना यापुढं काही सांगायला नको. चार-पाच दिवसांनी पाणी सुटणार, कधी संध्याकाळी, कधी रात्री दोनला, कधी पहाटे. आदल्या दिवसापासून बॅरल घासून ठेवायचे, हौदाचा तळ धुवायचा, पाइपाला चिंधी गुंडाळायची. मग झोपेतही एक कान बाहेर ठेवायचा. शेजारची मोटार घरघरली की समजायचं, आलं. आमच्या घरात तो कान आत्याचा. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, झोप आधीच पातळ, नोकरीला जाणाऱ्यांची झोपमोड नको म्हणून तिनं हे काम केव्हाच आपल्याकडं घेतलेलं. आमच्याच काय, गल्लीतल्या बहुतेक घरांत ते म्हाताऱ्या माणसांकडंच आहे. जी माणसं रात्री जागी असतात तीच पाणी भरतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. उलट सकाळी आम्ही उठल्यावर भरलेल्या बॅरलवर झाकण ठेवताना आत्याच्या चेहऱ्यावर समाधान असायचं, घराच्या उपयोगी पडल्याचं.

त्या रात्री बोळात शहाबादी फरशीवर पाइपाच्या जोडातून पाणी गळलं होतं. आवाज असा काही झालाच नाही. मला जाग आली ती बॅरल भरून वाहण्याच्या आवाजानं. बाहेर गेले तर आत्या भिंतीशी कुशीवर पडलेली, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, हातात अजून पाइप. "आधी मोटार बंद कर," ती म्हणाली, "पाणी वाया चाललंय." मी मोटार बंद केली. बोळात एकदम शांत झालं, आणि तेव्हा तिच्या पायाकडं लक्ष गेलं. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल पूर्ण बाहेरच्या बाजूला पडलं होतं. रक्त नाही, सूज नाही, खरचटल्याची खूण नाही. तिनं तो पाय उचलायचा प्रयत्न केला, पण तो हललाच नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा वेदनेपेक्षा आश्चर्य जास्त होतं.

शेजारी जमले. एकानं सांगितलं, मुरगळलाय, तेल चोळा. दुसरं कुणी म्हणालं, दोन्ही बगलांत हात घालून उभं करा, लगेच कळेल मोडलंय की नाही. माणसं मनापासून सांगत होती, पण हे दोन्ही करायचं नसतं. आखूड झालेला, बाहेर वळलेला पाय दिसला की चोळायचं नाही, उभं करायचं नाही, आहे तसं उशांचा आधार देऊन ठेवायचं आणि १०८ला फोन करायचा. हे मला त्या रात्री माहीत होतं ते आमच्या आजीमुळं. त्या आठवणीकडं मी पुढं येणारच आहे.

हाडांच्या वॉर्डात पहिल्या सकाळी मी खाटा बघत बसले होते. सोलापूरच्या दवाखान्यात भाषा ऐकत बसलं की माणूस कुठनं आलाय ते कळतं. शेजारच्या खाटेवर इंडीकडच्या आजी, लेकीशी कानडीत बोलणाऱ्या. पलीकडं शहराच्या पूर्व भागातल्या, सुनेला तेलुगूत काहीतरी पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या. खिडकीपाशी अक्कलकोटचे आजोबा. दारातल्या खाटेवर तुळजापूरच्या बाजूच्या एक जण, कपाळावर मोठं कुंकू, हातात बांगड्या तशाच. जेवणाच्या वेळी डबे उघडले की कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा वास सगळीकडून सारखाच यायचा. आणि कुणालाही विचारा, घडलेलं पण सारखंच. एकीला वासरानं दावं ओढलं. एक देवघराच्या उंबऱ्याला अडखळली. आजोबा रात्री लघवीला उठले, उभं राहताच डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांची बीपीची गोळी महिन्यापूर्वी वाढवलेली. एक बाई तर नुसती खुर्चीवर बसायला गेली आणि खुर्ची मागं सरकली. गाडीनं उडवलेलं किंवा माडीवरून पडलेलं त्यांच्यात कुणीच नव्हतं. सगळे उभ्याउभ्या, आपल्याच घरात पडलेले. जगभर हे असंच आहे. म्हातारपणी मोडलेल्या दहा खुब्यांतले नऊ तरी अशा साध्या पडण्यानं मोडतात, बहुतेक वेळा माणूस बाजूला कोसळून थेट खुब्यावर आपटतो तेव्हा.

त्या वॉर्डात बसूनच मला पहिल्यांदा आकड्यांची ओढ लागली. आमच्या घरावर आलेला प्रसंग तेवढाच, असं रात्री वाटलं होतं. सकाळी खोलीभर तोच प्रसंग झोपलेला दिसला. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात डॉक्टरांनी याची नीट मोजणी केलेली आहे. पन्नाशीच्या पुढच्या दर एक लाख माणसांमागं वर्षाला १२९ खुबे मोडतात, बायकांमध्ये १५९ आणि पुरुषांमध्ये १०५. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४३ लाखांच्या वर होती. सहातला एक माणूस पन्नाशीपुढचा धरला तरी ते सात लाख होतात, आणि रोहतकचा दर लावला तर वर्षाला नऊशेच्या वर खुबे. हा माझा ढोबळ हिशेब, कागदाच्या कपाच्या मागं लिहिलेला. पण त्याचा अर्थ असा, की जिल्ह्यात रोज दोन-तीन घरांत कुणीतरी 'काही नाही हो, पाय घसरला' म्हणतंय. आज, उद्या, परवा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असतानाही आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये हे प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे. तिथल्या बायकांमध्ये लाखामागं पाचशेच्या वर. तिथं ऊन कमी, माणसं उंच आणि फार वर्षं जगणारी. आकडे काढायची रीत वेगळी असते, त्यामुळं रोहतकशेजारी ते सरळ ठेवून तुलना करता येत नाही, तरी फरक मोठा आहे हे नक्की. म्हणून आपण निर्धास्त राहावं का? पन्नाशीनंतर दर पाच-सहा वर्षांनी खुबा मोडायची शक्यता जवळपास दुप्पट होत जाते, आणि आपल्याकडं त्या वयाला पोचणारी माणसं आता कुठं वाढायला लागली आहेत. २०११मध्ये भारतात साठीच्या पुढचे १० कोटींच्या थोडे वर होते. २०५०पर्यंत ते ३४ कोटींच्या वर जातील असा अंदाज आहे. १९९०मध्ये जगात सुमारे १६ लाख ६० हजार खुबे मोडले होते. तेव्हाच्या अंदाजानुसार २०५०मध्ये हा आकडा ६२ लाखांच्या पुढं जाईल आणि त्यातले निम्म्याहून अधिक आशियात असतील. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती वॉकरची भिंत आली. दुकान किती मोठं करावं लागेल त्याला?

आता आजीबद्दल. मी शाळेत होते तेव्हा वाड्याच्या मोरीत आजी पडली. तेव्हाही मोडलेला तो खुबाच. घरी पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन खुरांखाली विटा लावल्या होत्या, म्हणजे पायाची बाजू उंच. पायाला चिकटपट्टी, पट्टीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि टोकाला वजन. आम्हा पोरांना त्या वजनाजवळ जायची बंदी होती. ते जरा हललं तरी आजी किंचाळायची. खोलीत डेटॉल, टाल्कम पावडर आणि दमट गादी यांचा एक वास बसला होता, तो दिवाळीच्या रंगकामानंतरही गेला नाही. आई आणि आत्या मिळून तिला कुशीवर वळवायच्या, पाठीला पावडर लावायच्या. तरीही पाठ फुटली. पुढं छातीत कफ भरला. गेली तेव्हा सगळे म्हणाले, सुटली बिचारी. गल्लीत एक वाक्य ठरलेलंच होतं, खुबा मोडला की माणूस गेलं. ते त्या काळी फारसं खोटंही नव्हतं. आडवं पडून राहणंच माणसाला मारायचं, हाड नव्हे.

आत्यानं ते सगळं हातानं केलेलं. त्यामुळं डॉक्टरांनी "खुबा मोडलाय" म्हटल्यावर ती एकच बोलली, "विटा लावू नका मला."

विटा लावायच्या नव्हत्याच. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, तो गोळा कमरेच्या खोबणीत बसतो आणि त्याच्याखाली हाडाची बारीक मान असते. आत्याची ती मानच मोडली होती. गोळ्याला होणारा रक्तपुरवठा बहुतेक त्या मानेवरून जातो. ती तुटली की गोळा, खोडापासून सुटलेल्या फांदीसारखा, आतल्या आत सुकत जातो. म्हणून या वयात तो जोडत बसत नाहीत, काढून धातूचा बसवतात. मानेच्या जरा खाली मोडलं असेल, तर हाडाला रक्त चांगलं मिळतं, तिथं रॉड किंवा पट्टी टाकून जोडता येतं. वॉर्डात त्याचीच विचारपूस चालायची, "तुमचं काय, बॉल की रॉड?" दोन दिवसांत ओळख झालेल्या बायका एकमेकींना हे लग्नातल्या आहेराइतक्या आपुलकीनं विचारत होत्या.

ऑपरेशनवरून मात्र व्हरांड्यात वाद झाला. माझा भाऊ फोनवर पुण्याहून, एक चुलते प्रत्यक्ष समोर. "या वयात कशाला कापाकापी? शुगर आहे, हार्ट कमजोर. चार दिवस बघू." हे म्हणणारी माणसं आत्यावर जीव टाकणारीच आहेत. त्यांच्या मनात आजी होती. पण या बाबतीत वाट बघणं म्हणजे सावध राहणं नव्हे. शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन झालं, तर न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायात रक्ताच्या गाठी होणं, हे सगळं कमी होतं. शुगर, बीपी, रक्त बघायला लागणारा वेळ वेगळा, आणि नातेवाइकांचं एकमत व्हायला लागणारा वेळ वेगळा. भूलतज्ज्ञ मॅडम शांतपणे चुलत्यांना म्हणाल्या, "काका, ऑपरेशनचा धोका आहेच. न करण्याचा त्याहून मोठा आहे." चुलते बराच वेळ खिडकीतून खाली बघत उभे राहिले. मग स्वतःच रक्ताची सोय करायला गेले.

ऑपरेशननंतरची रात्र मी विसरणार नाही. आत्या मला ओळखत नव्हती. सलाइनची नळी ओढत होती आणि एकच विचारत होती, "पाणी गेलं का? पाणी गेलं का गं?" कधी मला आई म्हणायची, कधी सिस्टरवर ओरडायची, की बॅरलला झाकण का घातलं नाही. असं भ्रमात जाणं या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत फार होतं, बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, हे मला सांगितलेलं होतं. माहीत असून उपयोग होत नाही. मी तिचा हात धरून म्हणत राहिले, आहे पाणी, अजून येतंय. त्या वेळी मला तिची माया वाटत होती आणि त्या पाण्याचा राग येत होता, इतका की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ इतकं काही केलेलं, बालवाडीतली पोरं शिकवली, तीन भावांचे संसार उभे केले, आणि तळाशी शिल्लक काय राहिलं तर नळाची चिंता. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीची मुलगी आली, आत्याएवढीच बारकी, पण तिनं तिला वॉकरला धरून उभं केलं. आत्या रडली. "हा पाय माझा नाही," म्हणाली. पण उभी राहिली.

भेटायला येणारे सगळे एकच विचारायचे. "रात्रीचं कशाला उठायचं? कुणी सांगितलं होतं?" प्रेमानंच म्हणायचे, पण आत्याची मान खाली जायची. मला हे सहन होत नाही, आणि मी दोन-तीनदा तिथल्या तिथं बोलून दाखवलं. ती हौसेनं उठली नव्हती. या शहरात पाणी रात्री येतं म्हणून उठली. बोळात दिवा नाही, फरशी गुळगुळीत झालेली, पाइप गळका, डोळ्यात मोतीबिंदू, हाडं ठिसूळ. एवढं सगळं जमून आलेलं असताना पडण्याचा दोष तेवढा म्हाताऱ्या माणसाच्या माथी. पासष्टीच्या पुढच्या तिघांतला जवळजवळ एक माणूस दरवर्षी कधी ना कधी पडतोच. त्यातले बहुतेक नुसते खरचटून उठतात, म्हणून आपण ते पडणं मोजत नाही, सांगत नाही. पडलेलं माणूस तर मुद्दाम लपवतं, कारण सांगितलं की घरचे बाहेर जाणं बंद करतात.

आणि हाडं काय एका रात्रीत ठिसूळ होत नाहीत. तिशीच्या आसपास ती सगळ्यांत भरदार असतात, मग हळूहळू झीज. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत बायकांची हाडं फार वेगानं विरळ होतात, काहींची पाचवा हिस्सा इतकी. मी लहानपणी पूर्व भागातल्या मैत्रिणीकडं जायचे. गल्लीत ओळीनं सगळ्या घरांत विड्या वळायचं काम. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान, कात्री. पान कापायचं, तंबाखू भरायची, बोटांनी गोल फिरवून टोक आत खुपसायचं, दोरा. बोलणं चालू, हात थांबत नाहीत. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, आणि या बायका सकाळपासून दिवे लागेपर्यंत पत्र्याखालच्या खोलीत, पाठ वाकवून. एवढ्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघर निघते, त्याचं मला आता नवल वाटत नाही. ऊन गावावर पडतं, पण त्यांच्या अंगावर पडायला त्यांना बाहेर येता तर यावं. त्या मैत्रिणीची आई आता भेटली की मला माझ्या खांद्याएवढी वाटते. पूर्वी ती माझ्याहून उंच होती. पाठीचे मणके आतून दबत गेले की उंची अशी जाते. त्या मोडण्याचा आवाज होत नाही आणि वॉकरही लागत नाही, म्हणून कुणी दवाखान्यात नेत नाही.

आत्याला इशारा मिळाला होता. काही वर्षांपूर्वी सिद्धेश्वराच्या देवळातून येताना ती हातावर पडली आणि मनगट मोडलं. एका दवाखान्यात प्लास्टर घातलं, वेळेवर काढलं, हात सरळ बसला, आम्ही पेढे दिले. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडतं याचा अर्थ हाडं तपासायला हवीत, हे तिथं कुणी बोललं नाही. पन्नाशीनंतर असं एक हाड मोडलं की पुढं खुबा मोडायचा धोका बराच वाढतो. तेव्हा हाडांची घनता मोजली असती, औषध सुरू झालं असतं, तर खुबा वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण शक्यता कमी झाली असती. या आजारात एवढीच गोष्ट माणसाच्या हातात असते आणि नेमकी तीच सुटते. खुब्यानंतरसुद्धा सुटते. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर टाके कधी काढायचे ते होतं, दुखण्याची गोळी होती, कॅल्शियम होतं. हाडं घट्ट करायच्या औषधाचं मी स्वतःहून विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी तपासण्या करून ते लिहून दिलं. एक खुबा मोडलेल्याचा दुसरा मोडू शकतो, ही साधी गोष्ट टाके भरून आल्याच्या आनंदात मागं पडते.

तर आता रविवारी सकाळी आत्याची गोळी असते. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही, चहा नाही, काही नाही. चहा नाही हे तिला ऑपरेशनपेक्षा अवघड जातं. मी समोर बसते. घड्याळाकडं बघत ती मला जुन्या गोष्टी सांगते, मिलच्या भोंग्यावर चालणाऱ्या सोलापूरच्या, आणि अर्धा तास संपला की गोष्ट अर्ध्यात तोडून म्हणते, "ठेव आधण." बोळात दिवा आला. मोरीत धरायला दांडी बसवली, गवंड्यानं ती टॉवेल अडकवायची समजून आधी खांद्याच्या उंचीवर लावली होती, ती खाली घेतली. दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पाणी आता भाचा भरतो आणि सकाळी ऑफिसात पेंगतो.

पण भीती राहिली. तिच्याबद्दल सर्वांत जास्त वाईट मला त्याचं वाटतं. जी बाई कुणाला न विचारता रिक्षात बसून बाजारात जायची, ती आता अंगणात जायच्या आधी माझ्याकडं बघते. "जाऊ का गं?" भीतीनं चालणं कमी, चालणं कमी म्हणून मांड्या बारीक, मांड्या बारीक म्हणून तोल जाण्याची भीती. यातून बाहेर यायला चालणंच लागतं. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही तळ्याकाठी जातो, सिद्धेश्वराच्या. ती दहा पावलं टाकते, थांबते, पाण्याकडं बघते, पुन्हा दहा. एके दिवशी समोरून एक आजोबा आले, त्यांच्याही हातात वॉकर. दोघं समोरासमोर थांबले. आजोबांनी विचारलं, "बॉल का रॉड?" आत्या म्हणाली, "बॉल." आजोबा म्हणाले, "माझं रॉड. वर्ष झालं की." आत्या घरी येईपर्यंत तेच बोलत होती, वर्ष झालं म्हणे, एकटे आले होते चालत.

आमच्या वॉकरचं भाडं मी दर महिन्याला भरते. दुकानदार विचारतो, "कशी हाय तब्येत?" आणि मी सविस्तर सांगते, तो ऐकून घेतो. मध्ये एकदा मीच विचारलं, की परत येणाऱ्यांपैकी चालत येऊन देणारे किती. त्यानं थोडा विचार केला. "येतात की," म्हणाला, "स्वतः घेऊन येणारे पण येतात. पेढे आणतात." आकडा त्याच्याकडं नव्हता. असायला हवा होता असंही नाही, तो दुकान चालवतो. आकडा ठेवायचं काम ज्यांचं आहे त्यांनी तो ठेवावा. ब्रिटनमध्ये २००७पासून खुबा मोडलेल्या माणसांची राष्ट्रीय नोंद ठेवतात, किती तासांत ऑपरेशन झालं, कोण चालायला लागलं, कोण गेलं, कुणाला हाडांचं औषध मिळालं, सगळं. मोजायला लागल्यावर तिथं उशीर कमी झाला, मृत्यूही कमी झाले. जिल्ह्यातल्या नऊशे घरांना आपापला प्रसंग एकट्याचा वाटू नये, एवढ्यासाठी तरी हे आपल्याकडं गावोगाव व्हावं असं मला फार वाटतं. आणि तोवर पाणी निदान दिवसाउजेडी सोडावं.

मागच्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई प्लास्टरमध्ये दिसली. वय चौपन्न, पाळी जाऊन सहा वर्षं, दारातच पाय घसरून हातावर पडलेली. विड्या वळणारी, उजवं मनगट, म्हणजे सध्या काम बंद. तिला फक्त एवढीच काळजी आहे, की हात कधी मोकळा होतोय आणि माल कधी द्यायला लागतेय. मी तिला हाडांच्या तपासणीचं सांगितलं. "काय होतंय मला, चालतेय की धडधड," ती म्हणाली. मी आत्याला बाहेर बोलावलं. आत्या वॉकर घेऊन दारापर्यंत आली, बसली आणि तिला आपल्या मनगटाची गोष्ट सांगितली, मग खुब्याची. नीट, काही न लपवता, पहिल्या रात्रीच्या भ्रमासकट. बाईनं ऐकलं. प्लास्टर निघालं की कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडं जायचं ठरवलंय. तिची सासूही सोबत येते म्हणालीय, गेल्या पावसाळ्यात ती दोनदा पडली होती आणि तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.